रात्री साडेअकराची गोळी : ताणाची संप्रेरकं आणि नैराश्यावरचे उपचार

ओवी (धागाकर्ती)

आईला पेम्फिगस झाला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. आधी तोंडात फोड आले, मग पाठीवर. त्वचारोगतज्ज्ञांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं, रोज ६० मिलिग्रॅम. आठवड्याभरात फोड सुकायला लागले आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

दहाव्या की अकराव्या रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून उठले. आई ओट्यासमोर फतकल मारून बसली होती. फडताळातले सगळे डबे खाली काढलेले, देवघरातली पितळेची भांडी परातीत, आणि ती चिंच लावून समई घासत होती. "झोपच येत नाहीये गं, म्हटलं हे तरी उरकून टाकावं." चेहरा टवटवीत, बोलणं भराभर. त्या आठवड्यात ती रात्री जेमतेम दोन तास झोपायची. पुढे डोस कमी होत गेला तसं सगळं उलटं फिरलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मेथीची जुडी ताटात घेऊन निवडायला बसली. साडेअकराला मी बघितलं तर जुडीचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता. "सुचत नाहीये काही," एवढंच म्हणाली.

नातेवाईक म्हणायचे, आजारपणाने खचलीय, देवळात नेत जा, मन रमेल. महिना असाच गेला. शेवटी ज्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी आईशी अर्धा तास बोलून झाल्यावर आधीच्या औषधांची फाईल मागितली. "ही गोळी म्हणजे शरीरात रोज तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाची, सख्खी बहीण," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईचं मन कमकुवत नाही."

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. बाहेरून दिलेलं संप्रेरक माणसाला इतकं बदलत असेल, तर ज्यांच्या शरीरात ते आतूनच जास्त होतं त्यांचं काय? गेली दोन वर्षं जमेल तसं वाचत आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण जे समजलं ते इथे मांडावंसं वाटलं.

आधी यंत्रणा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, तो सीआरएच नावाचा निरोप सोडतो. तो पिट्यूटरी ग्रंथीला मिळाला की ती एसीटीएच सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडे जातं आणि तिथे कॉर्टिसॉल बनतं. पहाटेपासून ते वाढतं, उठायच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीकडे तळाला जातं. रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच वर मेंदूला सांगतं, आता बस. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी भरलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. चेंडू अडकला तर टाकी वाहत राहते.

नैराश्याच्या काही रुग्णांत हा बॉलकॉक अडकतो, हे नीट मोजून दाखवलं बर्नार्ड कॅरोल यांनी. मेलबर्नमध्ये काम करणारा हा तरुण डॉक्टर. १९६८ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की तीव्र नैराश्याच्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं तरी त्यांचं स्वतःचं संप्रेरक इतरांसारखं खाली येत नाही. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखंच, पण फार जोरकस. म्हणजे टाकीत वरून एक बादली ओतायची आणि नळ बंद होतो का ते बघायचं.

१९८१ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर, त्यांनी ४३८ जणांवरचा मोठा अभ्यास छापला. रात्री साडेअकराला १ मिलिग्रॅमची एक गोळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार व रात्री अकराला रक्त. मेलँकोलिया, म्हणजे नैराश्याचा जो खोल, शरीरात उतरलेला प्रकार, त्याच्या १०० पैकी साधारण ६७ रुग्णांत चाचणी बिघडलेली दिसली, म्हणजे नळ बंद झाला नाही. ज्यांना तो नव्हता त्यांच्यातल्या ९६ टक्के लोकांत ती व्यवस्थित आली. मनाच्या आजाराला रक्ताची चाचणी! तेव्हाच्या डॉक्टरांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. जगभर ती करायला लागले, आणि तिथेच घात झाला. मेलँकोलियासाठी बनवलेली चाचणी 'नैराश्य आहे की नाही' एवढंच विचारायला वापरली गेली. मग लक्षात आलं की स्मृतिभ्रंशात, दारू सोडताना, वजन एकदम घटल्यावर, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिटची औषधं चालू असताना, अगदी इस्पितळात नुकतं दाखल झाल्याच्या ताणानेसुद्धा ती बिघडते. १९८७ पर्यंत अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तिच्या मर्यादा लिहून काढल्या आणि चाचणी मागे पडली.

मागे न हटणाऱ्यांत एक होते म्युनिकचे फ्लोरियन होल्सबोअर. मूळचे रसायनशास्त्राचे, नंतर डॉक्टर झाले. १९८९ पासून २०१४ पर्यंत तिथल्या मॅक्स प्लांक मानसोपचार संस्थेचे संचालक. १९८१ मध्येच अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूतून तो पहिला निरोप, सीआरएच, वेगळा काढला होता : ४१ अमिनो आम्लांची साखळी. होल्सबोअर यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. आदल्या रात्री डेक्सामेथासोन आणि दुसऱ्या दिवशी सीआरएचचं इंजेक्शन. निरोगी माणसात नळ बंदच राहतो. नैराश्याच्या रुग्णांत मात्र कॉर्टिसॉल उसळून येतं. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की रुग्ण बरा होत जातो तशी ही चाचणीही सुधारते. जे रुग्ण वरून बरे दिसतात पण ज्यांची चाचणी सुधारत नाही, त्यांच्यात आजार उलटण्याची शक्यता जास्त असल्याचं त्यांच्या गटाला दिसलं.

त्यांचं म्हणणं होतं, मग मुळावरच जाऊ, सीआरएचचा निरोपच अडवू. २००० साली त्यांच्या संस्थेने २४ रुग्णांना आर-१२१९१९ नावाचं औषध दिलं. रुग्णांची लक्षणं कमी झाली, आणि औषध थांबवल्यावर पुन्हा वाढली. मात्र तुलनेसाठी बिनऔषधी गोळीचा गट नव्हता, म्हणजे पुरावा अपुरा. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि औषध थांबलं. त्याच वर्गातली इतर औषधं मोठ्या चाचण्यांत उतरली, पण बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

मला वाटतं, इथेही कॅरोल यांच्या चाचणीसारखंच झालं. ज्यांचा बॉलकॉक अडकलाय त्यांच्यासाठीचं औषध सरसकट सगळ्यांना दिलं गेलं. 'नैराश्य' हा एक शब्द, पण त्याखाली किती वेगवेगळे आजार आहेत कोण जाणे. आईच्या डॉक्टरांनी फाईल मागितली नसती तर आईलाही इतरांसारखीच गोळी लिहून दिली असती.

जाणकारांनी चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

---

पाणकावळा

ओवीताई, फार मनापासून लिहिलंय. मेथीच्या जुडीपाशी मी थांबलो.

डेक्सा हे नाव आमच्या घरी कोविडात आलं. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या चाचणीतून ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने वाचतात हे कळलं आणि पुढच्या वर्षी ते गल्लीगल्लीत पोचलं. माझे वडील त्यानेच वाचले. पण घरी आल्यावर पंधरा दिवस रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, पहाटे चारला भावाला फोन करून जमिनीच्या वाटणीबद्दल भांडायचे. आम्ही समजलो, मरणाच्या दारातून आलेत, घाबरलेत. कुणालाच गोळीचा संशय आला नाही. आज पहिल्यांदा दोन गोष्टी जोडल्या गेल्या. भावाला हा धागा पाठवतोय, दोघांत अजून नीट बोलणं नाही.

---

आडवाटेचा डॉक्टर

मी तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ आहे. मांडणी बरोबर आहे, थोडी भर घालतो.

१. स्टिरॉइडने मन बिघडणं डोसवर अवलंबून असतं. १९७२ मध्ये बोस्टनच्या गटाने मोजलं होतं : प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनसारखंच स्टिरॉइड) ४० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर १.३ टक्के रुग्णांत तीव्र मानसिक लक्षणं, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के, आणि ८० च्या वर १८.४ टक्के. सुरुवातीला अनेकदा उत्साह, झोप उडणं, चिडचिड, आणि लांबलेल्या कोर्समध्ये किंवा कमी करताना उदासी. काकूंचं अगदी याच क्रमाने झालं.

हे नवीन नाही. १९४८ च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलच्याच जातीचं संप्रेरक टोचलं. काही दिवसांत ती चालत बाजारात गेली. १९५० चं नोबेल त्यालाच मिळालं. आणि त्या पहिल्या काही वर्षांतच डॉक्टरांनी नोंदवायला सुरुवात केली की काही रुग्ण अतिआनंदात जातात, काही भ्रमात.

२. आतून कॉर्टिसॉल वाढतं त्या कुशिंग आजारात अर्ध्याहून अधिक रुग्णांना नैराश्य येतं. चेहरा गोल, पोटावर जांभळट रुंद पट्टे, दंड-मांड्या बारीक, जरा लागलं की काळंनिळं. असा रुग्ण 'डिप्रेशन' म्हणून माझ्याकडे आला की मी आधी त्याचा शर्ट वर करून पोट बघतो. मेलँकोलियात मात्र कॉर्टिसॉल वाढलेलं असूनही असं शरीर बदलत नाही. त्यात अॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झालेल्या दिसतात, आणि आजार बरा झाल्यावर पुन्हा आकसतात. १९९५ मध्ये एमआरआय करून हे दाखवलं गेलं. मी हे रुग्णाच्या घरच्यांना मुद्दाम सांगतो. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्या सासऱ्यांना ग्रंथी सुजली म्हटलं की पटतं.

३. हात जोडून एक विनंती. सांधेदुखीसाठी गावोगावी ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. वर्षभर घेऊन एखादा माणूस एकदम थांबवतो. तोवर त्याच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. मग उलट्या, रक्तदाब पडणं, बेशुद्धी. जीव जाऊ शकतो. हा धागा वाचून कुणीही स्वतःच्या मनाने प्रेडनिसोलोन बंद करू नका. उतरवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने.

---

केदारखोरे

माहिती चांगली आहे पण एक बोलतो, राग मानू नका.

मला चार वर्षांपूर्वी नैराश्य आलं. कंपनीने आमचं युनिट बंद केलं, घराचा हप्ता चालू, लग्नाला सहा महिने. तीन औषधं बदलली, चौथं लागू पडलं. त्या काळात कुणी मला कॉर्टिसॉल आणि बॉलकॉक समजावून सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो. माझा नळ बिघडला नव्हता, माझी नोकरी गेली होती. पन्नास वर्षं संशोधन चालू आहे आणि हातात एक गोळी नाही. मग सामान्य माणसाने हे वाचून काय करायचं?

---

म्युनिकवाला

केदार, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी म्युनिकला अकरा वर्षं आहे, इंजिनिअर आहे. होल्सबोअर यांची ती मॅक्स प्लांक संस्था श्वाबिंग भागात क्रेपेलिनश्ट्रासवर आहे. रस्त्याला एमिल क्रेपेलिन यांचं नाव, ज्यांनी १९१७ मध्ये संस्थेची सुरुवात केली. बाहेरून साधी इमारत, आत इस्पितळही आहे. २०१७ च्या हिवाळ्यात मी स्वतः नैराश्याच्या उपचारांसाठी या शहरातल्या एका दवाखान्यात होतो, म्हणून या लोकांचं काम वाचलं.

तुम्हाला तीन औषधं का लागली नाहीत, याच प्रश्नावर होल्सबोअर यांच्या गटाने बरंच काम केलं. मेंदू आणि रक्त यांच्यामधल्या भिंतीत एक पंप असतो, आत शिरलेलं औषध तो परत बाहेर फेकतो. हा पंप बनवणाऱ्या जनुकाचे प्रकार माणसागणिक वेगळे. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की काही औषधांचा गुण येतो की नाही हे या प्रकारावर अवलंबून असतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते तितकं ठळक आलं नाही, पण 'रुग्ण सहकार्य करत नाही' म्हणण्याऐवजी 'औषध पोचलं का' हे विचारणं मला फार माणुसकीचं वाटतं.

दुसरं, नोकरीबद्दल. सध्याच्या संचालक एलिझाबेथ बाइंडर यांचं काम एफकेबीपी-५ या जनुकावर आहे. ते कॉर्टिसॉलचा निरोप पेशीला कितपत कळतो हे ठरवतं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याचे ठरावीक प्रकार असलेल्यांना औषधाचा गुण लवकर येतो. २०१३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की लहानपणी अत्याचार सोसलेल्या, तो ठरावीक प्रकार असलेल्या माणसांत या जनुकावरची रासायनिक खूण पुसली जाते आणि मोठेपणीही पुसलेलीच राहते. म्हणजे बाहेर जे घडतं ते आत लिहिलं जातं. नोकरी जाणं आणि नळ बिघडणं यांत एक खरं आणि एक खोटं असं नाही.

---

लॅबवाली

मी पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. या धाग्यानंतर कुणी उद्याच कॉर्टिसॉल करायला धावेल म्हणून लिहिते.

हल्ली 'स्ट्रेस पॅकेज'मध्ये कॉर्टिसॉल घालून देतात. लोक अकराला येतात, जिना चढून, रांगेत भांडून. नळीवर वेळ लिहिली नाही तर त्या आकड्याला अर्थच नाही, कारण सकाळी आठचं आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर आकडा उगाच मोठा येतो, कारण कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही मशिनचं मोजमापच चुकतं. परवा एक मुलगी रिपोर्ट हातात घेऊन रडत होती, "मॅडम, माझा स्ट्रेस हाय आलाय." तिला बसवून पाणी दिलं, गोळ्यांचं विचारलं, आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

साध्या रक्ताच्या एका आकड्यावरून नैराश्य आहे की नाही हे कळत नाही. डॉक्टर कॉर्टिसॉल मागवतात ते बहुतेक वेळा कुशिंग किंवा ग्रंथी झोपल्यात का हे बघायला.

---

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. केदार, राग कसला? तुम्ही लिहिलंत म्हणून मला पुढचं शोधावंसं वाटलं.

गोळी नाही हे खरं. गर्भपाताच्या औषधातलं मिफेप्रिस्टोन कॉर्टिसॉललाही अडवतं, म्हणून अमेरिकेत अॅलन शॅट्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी ते भ्रमासहित येणाऱ्या नैराश्यात वापरून पाहिलं. मोठ्या चाचण्यांत ठरवलेलं यश आलं नाही. पण २०१२ मध्ये तेच औषध कुशिंग रुग्णांच्या वाढलेल्या साखरेसाठी मंजूर झालं. आणि सीआरएच अडवणाऱ्या औषधांच्या वर्गातलं क्रिनेसरफाँट २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, जन्मजात अॅड्रिनल दोष असलेल्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी. त्या मुलांना आता स्टिरॉइड कमी घ्यावं लागतं. नैराश्यासाठी खणलेल्या विहिरीचं पाणी दुसऱ्या शेताला लागलं. मला ते वाया गेलेलं वाटत नाही.

आपल्याकडचंही सांगते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चॅटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांत दाखवलं की रोजच्या ताणाने स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, आणि भीतीशी संबंधित अॅमिग्डालामधल्या मात्र पसरतात. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लं रोज काही तास आईपासून दूर ठेवली. मोठी झाल्यावर ती जास्त भित्री निघाली. त्याच कोवळ्या दिवसांत सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप घेणारा पेशीवरचा एक ग्राहक (रिसेप्टर) औषधाने अडवला तेव्हा पुढची भीती रुजलीच नाही. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळाला. ताण, संप्रेरक, सेरोटोनिन, हे एकमेकांशी भांडणारे सिद्धांत नाहीत असं ते वाचून वाटलं.

---

आडवाटेचा डॉक्टर

मेटिरापोन हे कॉर्टिसॉल बनणंच रोखणारं औषध. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये १६५ रुग्णांवर नेहमीच्या औषधाला जोड म्हणून दिलं, फायदा झाला नाही. तिथेही रुग्ण कॉर्टिसॉल बघून निवडले नव्हते. ओवी यांच्या मूळ मुद्द्याला हे धरून आहे.

केदार, 'काय करायचं' याला माझ्याकडे एक साधं उत्तर आहे. पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, सकाळी मन सर्वांत जड आणि संध्याकाळी थोडं हलकं, जेवणाची चव जाणं, चांगली बातमी कळूनही आत काहीच न हलणं. हे तुमच्यात होतं का? असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना नोकरीच्या आधी हे सांगा. औषधाची निवड त्यावर बदलते. आणि इतर वाचकांसाठी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

---

केदारखोरे

पहाटे साडेतीन. सात महिने, रोज. कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. लिहून ठेवलंय.

---

ओवी

लॅबवालीताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. आईचा डोस आता ५ मिलिग्रॅमवर आलाय. ग्रंथी जाग्या झाल्यात का बघायला त्वचारोगतज्ज्ञांनी सकाळचं कॉर्टिसॉल सांगितलंय. उद्याच जातोय. आत्ता ती बाहेर बसून शेंगा सोलते आहे आणि मला विचारते आहे, उपाशीपोटी जायचं का?

---

लॅबवाली

उपाशी राहायची तशी गरज नसते, तरी तुमच्या लॅबला विचारून घ्या. आठच्या आत पोचा, जिना असेल तर वर गेल्यावर काकूंना दहा मिनिटं शांत बसू द्या. उद्याची प्रेडनिसोलोन रक्त देऊन झाल्यावर घ्यायची असते, आधी घेतली तर मशिन तिलाच कॉर्टिसॉल समजू शकतं. पण हे आज रात्रीच डॉक्टरांना फोन करून पक्कं करा. गोळी पर्समध्ये ठेवा, सोबत पाण्याची बाटली आणि दोन बिस्किटं. रक्त दिल्या दिल्या तिथेच द्या, घरी पोचेपर्यंत थांबू नका.